टोक नसलेला चाकू

अंजना मुळातली भित्री बाई नव्हे. पलूसकडच्या त्यांच्या गावात लोक तिला ओळखतात ते सुटलेल्या म्हशीला शिंगांना धरून थांबवणारी बाई म्हणून. नवरा हंबीरराव फौजेत हवालदार होता. तो सरहद्दीवर असताना तिनं उसाला पाणी पाजलं, मुलगी वाढवली, सासूचं शेवटचं आजारपण काढलं. घरात साप निघाला तर काठी शोधायची ती आणि ओरडायचं शेजाऱ्यांनी. अशी ही बाई गेल्या थंडीत एका दुपारी बदलली.

त्या दिवशी दोघे भाऊ आपापल्या बायकांना घेऊन मिरजेला निघाले होते. एका पाहुण्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याला बघून यायचं होतं. पुढच्या मोटारसायकलवर हंबीररावचा थोरला भाऊ आप्पासो आणि त्याची बायको शालूबाई, मागच्या गाडीवर हंबीरराव आणि अंजना. वारं बोचरं होतं म्हणून शालूबाईनं पदर कानांवरून घेऊन गळ्याभोवती गुंडाळला होता. आप्पासोच्या गाडीचा मागच्या चाकावरचा साडीगार्ड खडखड वाजायचा, म्हणून त्यानं तो काढून गोठ्यात टाकला होता. तासगाव मागं पडलं. दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागल्या. पुढं पदराचं टोक वाऱ्यावर उडत होतं, ते अंजनाला दिसत होतं, आणि बघता बघता ते दिसेनासं झालं.

शालूबाई ओरडली नाही. ओरडायला श्वासच उरला नव्हता. ती मागं ओढली गेली, गाडी आडवी झाली आणि आप्पासो बाजूला फेकला गेला. पदर चाकात आणि साखळीत गुंडाळून बसला होता, आणि त्याचं दुसरं टोक तिच्या गळ्याभोवती.

साडी नायलॉनची. वर्षानुवर्षं विरत नाही म्हणून बायका हौसेनं घेतात तसली. हंबीररावनं ती दातांनी फाडायला घेतली. आप्पासो चाक उलटं फिरवत होता, पण चाक हलेना. अंजना पदराखाली बोट घालायला बघत होती, तर नखसुद्धा शिरेना. शालूबाईचे ओठ काळे पडत चालले होते.

"चाकू! कुणाकडं चाकू हाय का?" हंबीरराव ओरडला.

गाड्या थांबल्या. माणसं जमली. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल होता, पण पातं एकाच्याही खिशात नव्हतं. शेवटी बागेतून एक बाई धावत आली. घड काढायची कात्री तिच्या हातातच होती. तिनं ती पदराखाली सरकवली आणि एकदाच दाबली.

शालूबाई वाचली. मिरजेच्या दवाखान्यात राहून घरी आली. गळ्यावर वळ राहिला आणि आवाज गेला. म्हणजे बोलता येतं, पण कोंडा घासल्यासारखं. लांबून हाक मारणं तर तिला जमतच नाही.

घरच्यांनी देवाला नारळ दिला आणि विषय संपवला. आप्पासो तर पुन्हा त्याबद्दल बोललाच नाही. अंजनाच्या डोक्यातून मात्र ते जाईना. कडबाकुट्टीचं यंत्र चालू झालं की तिचा हात आपोआप पदराकडं जायचा. म्हशीच्या गळ्यातलं दावं ती दिवसातून कितीदा तरी चाचपायची. रस्त्यानं जाताना गाडीवरच्या अनोळखी बाईला ओरडून सांगायची, "आवं ताई, ओढणी सांभाळा, ओढणी!" काहीजणी हसून पुढं जायच्या. जेवायला बसली की घास हातात राहायचा आणि कानात हंबीररावचा आवाज यायचा. चाकू हाय का?

विळा होता घरात. कोयताही होता. पण विळा घेऊन बाई लग्नाला जात नाही की दवाखान्यात जात नाही. म्हणून तिनं ठरवलं, मिटतो असला लहान चाकू घ्यायचा आणि कमरेच्या बटव्यात ठेवायचा. कायमचा.

पहिला चाकू तिनं आठवड्याच्या बाजारात घेतला. कंगवे, नेलकटर, बॅटऱ्या विकणारा एकजण होता, त्याच्याकडं. स्वस्तातला, लाल मुठीचा. विकणाऱ्यानं केळ्याचं साल कापून दाखवलं. तिला तेवढं पुरेसं वाटलं.

घरी कुणी नसताना तिनं एक जुनी साडी खाटेच्या पायाला आवळून बांधली आणि ती कापायला बसली. पातं साडीवर नुसतं घसरत होतं. तिनं जोर लावला तसा चाकू मधेच मिटला आणि तिच्याच बोटांवर बसला. उघडलेलं पातं धरून ठेवणारा खटकाच त्यात नव्हता. साडी तशीच राहिली आणि अंजनाला दोन बोटांना टाके पडले.

हंबीररावला तेव्हा कळलं.

"कशानं कापलं?"

"चाकूनं."

"कांदा कापताना?"

"न्हाई. माझा चाकू हाय. बटव्यातला."

तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो म्हशीला पाणी पाजायला बाहेर गेला. तिला वाटलं, समजलं असंल. पण डेअरीत दूध घालताना बायकांनी पट्टी बघितली, बटव्यातला चाकू बघितला, आणि ती गोष्ट पुढं सरकत गेली. चार-सहा दिवसांनी हंबीरराव चावडीवरून आला तो तापूनच.

"लोकं काय म्हणत्यात म्हाईत हाय का? म्हणत्यात, हवालदाराची बायको कमरंला चाकू लावून फिरती. कुणाला भिती ती? नवऱ्याला?"

"म्हणू द्यात की."

"म्हणू द्यात? माझी काय अब्रू हाय का न्हाई गावात?"

"आवं, त्या दिवशी तुमीच चाकू मागत होता."

यावर तो जास्तच चिडला. त्यानं लाल मुठीचा चाकू उचलला आणि गोठ्यामागच्या उकिरड्यात भिरकावून दिला. तो तसाही बिनकामाचा होता, त्याचं अंजनाला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते एवढंच, की ज्या माणसानं तिच्यासोबत ते सगळं बघितलं होतं त्यालाच ती वेडी वाटत होती.

मग तिनं मुलीला फोन केला. शिवांजली सांगलीत विश्रामबागला हॉस्टेलवर राहून शिकते. तिनं मोबाइलवर बरेच चाकू बघितले, आईला फोटो पाठवले. अंजना ते फोटो दोन बोटांनी मोठे करून बघायची. एकाला करवतीचे दात होते. एकाला बाटली उघडायची सोय, स्क्रू पिळायची सोय, शिट्टी आणि होकायंत्रसुद्धा. "मला दिशा न्हाई शोधायची बाई," ती म्हणाली, "एका हातानं उघडायला पायजे आन् उघडल्यावर मिटाय नको. एवढंच बघ." शेवटी दोघींनी मिळून एक काळा चाकू निवडला, त्याखाली लोकांनी चांगलं लिहिलं होतं म्हणून.

चाकू हॉस्टेलवर आला. शिवांजलीनं डबा उघडला आणि मुठीवरचं बटण नुसतं लागलं, तसं फटकन पातं बाहेर. तळहाताहून लांब, टोकाला सुईसारखं. तिच्या खोलीतली मैत्रीण खाटेवर चढून बसली.

"आई, हा मी गावाला कसा आणू?" शिवांजली फोनवर कुजबुजत होती. "एसटीत बॅगेत आपोआप उघडला तर? रेक्टरनं बॅग बघितली तर? कॉलेजात कुणी म्हणलं, हिच्याकडं चाकू हाय, तर मी काय सांगू?"

आपल्या भीतीपायी पोरीला संकटात घातलं, असं अंजनाला झालं. "हात लावू नको त्याला. जसा आला तसा परत पाठव. आजच्या आज." चाकू परत जाईपर्यंत तिनं मुलीला इतक्यांदा फोन केला, की शेवटी शिवांजलीच म्हणाली, "आई, आता तूच मला घाबरवायला लागलीस."

शालूबाईला पुन्हा तपासणीसाठी मिरजेला न्यायचं होतं. ती गाडीवर बसत नव्हती, म्हणून आप्पासोनं तिला एसटीनं नेलं. हंबीरराव आणि अंजना मागून मोटारसायकलनं गेले. डॉक्टरांकडं रांग मोठी होती. अंजना म्हणाली, जरा बाजारात जाऊन येते. हंबीररावनं कशाला ते विचारलं नाही. बहुतेक त्याला अंदाज होता.

बाजारातल्या एका गल्लीत कात्र्या, अडकित्ते, वस्तरे, सुऱ्या विकणारं एक अरुंद दुकान होतं. मालक पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला.

"मिटायचा चाकू दाखवा. लय म्हागाचा नको."

त्यानं काचेखालून चार-पाच काढून ठेवले. अंजनानं पिशवीतून नायलॉनच्या साडीचा पट्टा काढला. मालक चपापला.

"हे काय?"

"यावर चालवून बघणार. चालंल न्हवं?"

मालकाला ते विचित्र वाटलं. गिऱ्हाईक चाकूची धार अंगठ्यावर बघतं, फार तर कागदावर. तो नाही म्हणणार होता, पण ती तिथं अशी उभी होती की त्याला म्हणता आलं नाही. तिनं पट्ट्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं डाव्या हातात गुंडाळून ताणलं.

पहिला चकचकीत होता, पितळी मुठीचा. दिसायला सगळ्यांत देखणा. पण नखानं पातं ओढून काढायला दोन्ही हात लागत होते. तिनं तो बाजूला ठेवला. दुसरा अंगठ्यानं उघडला, खटकाही चांगला बसला, पण कापडावरून घसरला. मालक म्हणाला, धार लावून देतो. ती म्हणाली, "तुमी आज द्याल, पुढच्या म्हयन्यात कोण देणार?" तिसऱ्याचं पातं बिजागरीत डुलत होतं. त्या डुलण्याकडं बघून तिनं आपली टाके पडलेली बोटं मुठीत घेतली.

चौथा दिसायला अगदीच साधा होता. नारिंगी प्लास्टिकची मूठ, पातं बोटाएवढं, आत वळलेलं. द्राक्षबागायतदार कलम करायला नेतात तसला, पण याला खटका होता. अंगठ्यानं उघडला. टक्कन आवाज आला. वळलेल्या पात्यात कापड आपोआप अडकलं आणि एका ओढीत पट्टा तुटला. तुटलेलं टोक तिच्या हातात लोंबत राहिलं आणि ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"पाणी देऊ का?" मालकानं विचारलं.

तिनं पाणी पिलं. मग सांगितलं, काय झालं होतं ते. शालूबाईचं नाव घेतलं नाही, 'माझी जाऊ' एवढंच म्हणाली. मालक ऐकत होता. त्याचा चष्मा कपाळावरून कधी खाली आला ते त्यालाही कळलं नसावं.

"हाच घ्या मग," तो म्हणाला.

"घेते. पण याचं टोक घालवून द्या."

"टोक?"

"कापड गळ्याला घट्ट बसलेलं असतंय. त्याच्याखाली हे घालायचं. मानूस तडफडत असतंय, आपला हात थरथरत असतोय. टोक कुठं जाईल?"

मालकानं चाकू हातात घेऊन फिरवून बघितला. "टोक घालवलेला चाकू परत घेता यायचा नाही, ताई."

"परत कशाला देऊ?"

त्यानं आतल्या धार लावायच्या यंत्रावर टोक घासून गोल केलं. ठिणग्या उडत होत्या तोवर अंजना पाठमोरी उभी होती. गोल झालेलं टोक तिनं आपल्या गळ्यावरून हलकं फिरवून बघितलं. टोचलं नाही.

परतताना तिनं चाकू बटव्यात ठेवला आणि हंबीररावला काही सांगितलं नाही. शालूबाई आणि आप्पासो एसटीनं पुढं गेले होते. निवडणुकीचे दिवस होते. सांगली सोडली आणि पुढं नाकाबंदी लागली. गाड्यांच्या डिक्क्या, पिशव्या उघडून बघत होते. अंजनाला शिवांजलीचं फोनवरचं कुजबुजणं आठवलं. चाकू रस्त्याकडंला टाकून द्यावा असंही मनात आलं, पण हात हलेना.

महिला पोलिसानं पिशवी बघितली. पिशवीत केळी आणि शालूबाईच्या औषधांची चिठ्ठी. ती पुढं जाणार, तेवढ्यात तिचं लक्ष अंजनाच्या चेहऱ्याकडं गेलं.

"काय झालं, मावशी? घाम कशाला आला?"

अंजनाला खोटं बोलता येत नाही. तिनं बटव्यातून चाकू काढून पुढं केला. हंबीररावनं मागं वळून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हे कशाला?" पोलीस बाईचा आवाज बदलला. शेजारचा हवालदारही जवळ आला. "बोला, कशाला बाळगताय?"

अंजनाला वाटलं, आता आपल्याला चौकीत नेणार, गावात कळणार, हंबीररावची उरलीसुरली अब्रूही जाणार. तो आता म्हणणार, मी हिला शंभरदा सांगितलं.

हंबीरराव गाडीवरून उतरला.

"बाई, मी सांगतो," तो म्हणाला. "माझ्या वैनींचा पदर चाकात गेला. या मिरजंच्या वाटंवरच. गळा आवळला. मी फौजेत होतो, बघा. लय बघितलंय. पण त्या दिवशी माझ्या हातात काय नव्हतं. दातानं फाडत होतो." त्यानं ओठ वर केला. पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. अंजनानं तो इतक्या दिवसांत बघितला होता, पण कशानं उडाला ते तिला ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला होता, भाकरीत खडा लागला. "अजून डोळा लागला की वैनींचं तोंड दिसतंय मला. हिला दिसतंय म्हणून हिनं चाकू घेतला. मला दिसतंय म्हणून मी हिच्यावर ओरडतो. एवढंच हाय बघा."

पोलीस बाईनं चाकू उघडला. गोल टोकावर अंगठा ठेवला. हवालदाराकडं बघितलं. त्यानं हंबीररावचं फौजेचं कार्ड बघितलं, नाव-गाव विचारून घेतलं आणि मान हलवली.

"मिटवून आत ठेवा, मावशी," ती म्हणाली. "आणि विचारलं तर असं घाबरू नका. सरळ सांगायचं."

गाडी पुढं निघाली. मग हंबीररावनं मान न वळवता विचारलं, "टोक कशाला घालवलंस?"

तिनं सांगितलं.

"बराबर हाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आप्पासोच्या गोठ्यातून साडीगार्ड शोधून काढला, त्याला नवे बोल्ट आणले आणि भावाच्या गाडीला स्वतःच्या हातानं बसवला. आप्पासो शेजारी उभा राहून बघत होता. खडखडू नये म्हणून मधे रबराचे तुकडे घालायचं त्यालाच सुचलं, आणि ते कापून द्यायला तोच खाली बसला.

गावात बोलणाऱ्यांचं बोलणं थांबलं नाही. अंजनाची भीतीही गेली नाही. पण ती आता एकटीची राहिली नव्हती, त्यामुळं झोप लागायला लागली.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी गोठ्यामागून बादली बडवल्याचा आवाज आला. अंजना शेण भरत होती. तिला वाटलं, वाऱ्यानं काही पडलं. पण आवाज थांबेना. ती धावत मागं गेली. शालूबाई हातातली बादली दगडावर आपटत होती. दुसरं काही तिला करता येत नव्हतं. समोर रेडकू गव्हाणीत पाय घसरून पडलं होतं. गळ्यातल्या दाव्याला पीळ बसला होता, जीभ बाहेर आली होती, पाय झाडत होतं.

अंजनानं बटवा चाचपला. चाकू निघाला, पण शेणाच्या हातातून निसटला आणि कडब्यात पडला. ती गुडघ्यावर बसली. कडबा चिवडताना तिला आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. नारिंगी मूठ दिसली. अंगठ्यानं पातं उघडेपर्यंत रेडकाचे पाय थांबले होते. तिनं पातं दाव्याखाली सरकवलं. दावं सुताचं, जाड, एका ओढीत तुटलं नाही. दुसऱ्या ओढीत अर्धं तुटलं. तिसऱ्या ओढीत सुटलं.

रेडकू तसंच पडून राहिलं. अंजना त्याच्या बरगड्या चोळत होती. शालूबाईनं बादली टाकली, तीही खाली बसली आणि त्याचं तोंड हातात धरून नाकात फुंकर घालू लागली. जरा वेळानं रेडकू खोकलं. एकदा, मग परत. मग धडपडत उठायला बघू लागलं.

दोघी जावा गव्हाणीला टेकून बसल्या. शालूबाईनं अंजनाच्या हातातून चाकू काढून घेतला. अपघातानंतर इतक्या महिन्यांत तिनं त्या विषयाचं नाव काढलं नव्हतं, की चाकूकडं धड बघितलंही नव्हतं. तिनं तो मिटला, पदराला पुसला, आणि अंगठ्यानं उघडायला गेली. पातं हललं, पण उघडलं नाही. परत प्रयत्न केला. अंगठा घसरला.

"कडक हाय गं," ती त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"नवा हाय अजून. सोडूया तेल त्यात."

"मग माझ्यासाठी पण एक बघ. मिरजंला जाशील तवा." शालूबाई थांबली, थुंकी गिळली, गळ्यावर हात ठेवला. "न्हाईतर मीच येती. कुठलं दुकान हाय ते दाखव. माझा अंगठा जाड हाय, तुला कळायचं न्हाई."

अंजना शिलाई मशीनचं तेल आणायला घरात गेली. बाहेर शालूबाई तो चाकू उघडायचा पुन्हापुन्हा प्रयत्न करत होती, आणि रेडकू आईकडं जायला दोरीविना मोकळं झालं होतं.